टेराफ्लॉप्सचा पुणेरी हिशोब

हेडफोन लावा, चहा घ्या. आजचा भाग एका आकड्याच्या इतिहासावर आहे. ग्राफिक्स कार्ड किंवा गेमिंग लॅपटॉप घ्यायचा ठरला की तुलनेच्या तक्त्यात हा आकडा सगळ्यात ठळक असतो. एका कार्डापुढे १३ टेराफ्लॉप्स, दुसऱ्यापुढे २०. म्हणजे दुसरं दीडपट भारी, विषय संपला. खरंच संपतो का?

आता याचा इतिहास म्हटलं की सगळे थेट कॅलिफोर्नियाला जातात. आपण वारज्यातून निघणार आहोत. पाषाण, गणेशखिंड, आणि उत्तरेला नारायणगावजवळचं खोडद, एवढ्या पट्ट्यात या आकड्याचा जवळजवळ अख्खा इतिहास बसतो. कागदावरचा वेग आणि खरा वेग यात किती अंतर असतं, हे पुण्याने गेली ३५ वर्षं स्वतःच्या मशीनवर मोजलं आहे.

आधी हिशोब समजून घेऊ

फ्लॉप म्हणजे अपूर्णांकातल्या दोन संख्यांची एक बेरीज किंवा एक गुणाकार. सेकंदाला १०० कोटी अशा क्रिया म्हणजे एक गिगाफ्लॉप्स. सेकंदाला एक लाख कोटी म्हणजे एक टेराफ्लॉप्स. त्याच्या हजारपट पेटाफ्लॉप्स.

कार्डाच्या खोक्यावरचा आकडा कोणी स्टॉपवॉच लावून मोजलेला नसतो. तो गुणाकार असतो. कोअर किती, गुणिले घड्याळाचा वेग किती, गुणिले दोन. दोन का? तर आजचा प्रत्येक कोअर एका ठोक्यात एक गुणाकार आणि त्याला जोडून एक बेरीज करू शकतो, म्हणून दोन.

आरटीएक्स ३०६० घ्या. ३५८४ कोअर, १.७७७ गिगाहर्ट्झ, गुणिले दोन. उत्तर १२.७४ टेराफ्लॉप्स. फोनचा कॅल्क्युलेटर उघडून करून बघा, बरोब्बर तेच येतं.

यात गृहीत काय धरलंय ते बघा. प्रत्येक कोअरला प्रत्येक ठोक्याला काम आहे. ते काम गुणाकार-बेरजेच्या जोडीचंच आहे. लागणारी संख्या आधीच हातात आहे. आणि घड्याळ सतत सर्वोच्च वेगाने चालू आहे.

आता वारज्यातून हिंजवडीला जायचंय. साधारण १५ किलोमीटर धरा. गाडीचा टॉप स्पीड ताशी १२०. म्हणजे साडेसात मिनिटं. गणित एकदम बरोबर आहे! फक्त सकाळी नऊ वाजता हे गणित कोणाला सांगू नका. चांदणी चौकातून रोज जाणारा माणूस हसेल. साडेसात मिनिटांना खोटं म्हणता येणार नाही, ती खालची मर्यादा आहे. त्याहून लवकर तुम्ही पोचूच शकत नाही. टेराफ्लॉप्सचंही तसंच आहे. ते आश्वासन नाही, मर्यादा आहे.

१९९१: पुण्याचा पहिला आकडा

१९८० च्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी आणि संशोधनासाठी क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर हवा होता. अमेरिकेला भीती होती की हाच संगणक क्षेपणास्त्रं आणि अण्वस्त्रांसाठी वापरला जाईल. बरीच ओढाताण झाली आणि शेवटी मागितलं त्यापेक्षा लहान मॉडेल, क्रे एक्स-एमपी १४, दिल्लीतल्या हवामान केंद्राला मिळालं, तेही अटींवर.

याच काळात, १९८८ मध्ये, पुण्यात सी-डॅक सुरू झालं. प्रमुख होते डॉ. विजय भटकर, मूळचे अकोला जिल्ह्यातले. मुदत ३ वर्षं, पैसे साधारण ३० कोटी. लक्ष्य होतं १००० मेगाफ्लॉप्सच्या, म्हणजे एक गिगाफ्लॉप्सच्या वर्गातलं मशीन.

एकच महाशक्तिमान प्रोसेसर आपण बनवू शकत नव्हतो, आणि कोणी विकतही देत नव्हतं. मग सी-डॅकने दुसरी वाट धरली. ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश चिप बाजारात मिळत होत्या. एकेक चिप फार मोठी नव्हती, पण चार बाजूंनी दुसऱ्या चिपना जोडता यायची. अशा कितीतरी चिप एकत्र बांधायच्या आणि काम वाटून द्यायचं. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. परम म्हणजे सर्वश्रेष्ठ, आणि पॅरलल मशीन या शब्दांतली अक्षरंही त्यात आहेत.

लक्षात घ्या, तुमच्या ग्राफिक्स कार्डाची मूळ कल्पनाही हीच आहे. एक पैलवान आणण्याऐवजी हजार माणसं लावायची. आणि हजार माणसं लावली की जी अडचण येते तीही तीच. माणसं मोजून गुणाकार केला की कागदावरचा वेग येतो. पण त्यांना वेळेवर काम पोचवणं, एकाचं उत्तर दुसऱ्याला देणं, यात खरा वेळ जातो. परमच्या पिढीतल्या इंजिनिअरांचं बरंचसं आयुष्य या पोचवापोचवीतच गेलं.

दोन रकाने

१९९३ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते, टॉप ५००. या यादीत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक मशीनपुढे वेगाचे दोन रकाने असतात. एक कागदावरचा, आरपीक. दुसरा प्रत्यक्ष मोजलेला, आरमॅक्स. मोजायची परीक्षा ठरलेली आहे, लिनपॅक. समीकरणांचा एक प्रचंड संच सोडवायचा आणि वेळ लावायची. ही परीक्षा जॅक डोंगरा यांच्या नावाने ओळखली जाते. आणि क्रमांक ठरतो मोजलेल्या आकड्यावर, कागदावरच्या नाही.

परम पद्म घ्या. सी-डॅकचंच मशीन, पण बसवलं बंगळुरूला. २४८ प्रोसेसर, प्रत्येक १ गिगाहर्ट्झचा, प्रत्येक ठोक्याला चार क्रिया. गुणाकार करा, ९९२ गिगाफ्लॉप्स. बातम्यांमध्ये आलं, 'एक टेराफ्लॉप'. जून २००३ च्या यादीत मोजलेला आकडा होता ५३२. क्रमांक १७१. कागदाचे जेमतेम ५४ टक्के.

मग २००७. पुण्यात टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने 'एका' नावाचं मशीन उभं केलं. १४,२४० कोअर, ३ गिगाहर्ट्झ, ठोक्याला चार क्रिया. गुणाकार १७०.९ टेराफ्लॉप्स. मोजलेला वेग ११७.९. नोव्हेंबर २००७ च्या यादीत जगात चौथा आणि आशियात पहिला! पुण्यातला संगणक जगात चौथा, हे आज कितीजणांना माहीत आहे? आणि तो क्रमांक कागदाच्या ६९ टक्क्यांवर मिळाला होता.

पुढच्याच वर्षी सी-डॅकचा परम युवा आला. ४६०८ कोअर, २.९३ गिगाहर्ट्झ, गुणिले चार, म्हणजे ५४ टेराफ्लॉप्स. मोजलेला ३८ च्या आसपास. परत ७० टक्के.

म्हणजे सुपरकॉम्प्युटर विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना एक शिस्त लागली होती. कागदावरचा आकडा सांगा, पण शेजारी मोजलेलाही लिहा. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर हा दुसरा रकाना कधीच आला नाही. आपली सगळी गडबड इथून सुरू होते.

कार्डांची गोष्ट

ऑक्टोबर १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणलं आणि 'जगातला पहिला जीपीयू' अशी जाहिरात केली. तेव्हा फुशारकी टेराफ्लॉप्सची नव्हती. सेकंदाला किमान एक कोटी बहुभुज, म्हणजे पडद्यावरचे त्रिकोण-चौकोन, हाताळणारी चिप, अशी व्याख्या त्यांनीच केली. कार्ड चित्र काढायला होतं, म्हणून मोजमापही चित्राचं.

नोव्हेंबर २००६ मध्ये जीफोर्स ८८०० जीटीएक्स आलं. त्यात १२८ छोटे, सर्वसाधारण गणित करणारे कोअर होते. सोबत कुडा आलं. आता कार्डावर चित्र सोडून कसलंही गणित करता येणार होतं. मग मोजमाप बदललं आणि फ्लॉप्स आले.

इथेच पहिला घोळ बघा. १२८ कोअर, १.३५ गिगाहर्ट्झ, गुणिले दोन, म्हणजे ३४५.६ गिगाफ्लॉप्स. पण ५१८ हा आकडाही फिरत होता. तो कुठून आला? गुणिले दोनऐवजी गुणिले तीन. त्या चिपमध्ये एक जादा गुणाकार करणारा भाग होता, तोही धरला. प्रत्यक्षात तो भाग बहुतेक वेळा दुसऱ्याच कामात अडकलेला असायचा. चिप एकच, आणि कागदावरचे वेग दोन.

पुढचं उदाहरण तुमच्यापैकी गेमिंगवाल्यांना ओळखीचं असेल. २०१८ चं आरटीएक्स २०८० टीआय: ४३५२ कोअर, १३.४५ टेराफ्लॉप्स. २०२० चं आरटीएक्स ३०७०: ५८८८ कोअर, २०.३ टेराफ्लॉप्स. कागदावर दीडपट. गेममध्ये? जवळपास सारखेच.

हे कसं झालं ते नीट ऐका, कारण यात कोणी खोटं बोललेलं नाही. गेम चालताना अपूर्णांकांबरोबर पूर्णांकांचंही गणित लागतं. एनव्हिडियानेच सांगितलं होतं की अपूर्णांकांच्या दर १०० सूचनांमागे सरासरी ३६ पूर्णांकांच्या असतात. २०८० टीआयमध्ये पूर्णांकांसाठी वेगळे कोअर होते, आणि ते टेराफ्लॉप्सच्या मोजणीत धरले जात नव्हते. ३०७० मध्ये तेच पूर्णांकवाले कोअर अपूर्णांकही करू लागले, म्हणून मोजणीत आले. आकडा एकदम फुगला. पण ३६ सूचनांचं काम काही गेलं नाही, ते आता याच कोअरना करावं लागतं.

हिशोब करू. १३६ सूचनांपैकी १०० अपूर्णांकांच्या, म्हणजे साधारण ७३.५ टक्के. २०.३ चे ७३.५ टक्के म्हणजे १४.९. आता १३.४५ विरुद्ध १४.९. दीडपटीचा फरक एका ओळीत दहा-अकरा टक्क्यांवर आला. त्यात जुन्या कार्डाची मेमरी सेकंदाला ६१६ गिगाबाइट देते, नव्याची ४४८. मग दोन्ही बरोबरीत येतात यात नवल काय?

आणि कधीकधी तक्ताच चुकीचा असतो. २०१४ च्या जीटीएक्स ९७० वर लिहिलं होतं ४ जीबी मेमरी. जानेवारी २०१५ मध्ये बाहेर आलं की ३.५ जीबी नीट वेगाने चालते आणि उरलेली अर्धा जीबी अगदी संथ. शिवाय आतले काही भाग आणि कॅशही जाहीर केल्यापेक्षा कमी निघाले. अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले आणि २०१६ मध्ये कंपनीने प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर द्यायची तडजोड केली. ज्यांनी शोधलं ते ग्राहकच होते. गेम अडखळतोय म्हणून त्यांनी मोजलं. कागदावर विश्वास ठेवून बसले असते तर काहीच बाहेर आलं नसतं.

२१०, की ५, की साडेचार?

आता परत पुण्यात. २०२० मध्ये सी-डॅकने परम सिद्धी-एआय उभारला. हा अक्षरशः ग्राफिक्स कार्डांच्या घराण्यातला सुपरकॉम्प्युटर. आत ४२ मोठे डबे, प्रत्येकात ८ ए१०० चिप, एकूण ३३६. नोव्हेंबर २०२० च्या यादीत जगात ६३ वा.

वेग किती? बातम्यांमध्ये होतं, २१० एआय पेटाफ्लॉप्स. टॉप ५०० च्या यादीत कागदावरचा वेग ५.२७ पेटाफ्लॉप्स. मोजलेला ४.६२. एकाच मशीनचे तीन आकडे, आणि पहिल्यात आणि तिसऱ्यात ४५ पटींचा फरक!

कोण खरं? तिन्ही खरे. फरक आहे तो कसली संख्या मोजतोय याचा. टॉप ५०० मध्ये ६४ बिटांच्या संख्या चालतात, पंधरा-सोळा आकड्यांपर्यंत अचूक. हवामान, भूकंप, पुलाचं डिझाइन यांना अशी अचूकता लागते. एआयचं प्रशिक्षण १६ बिटांवरही भागतं, तीन-साडेतीन आकड्यांची अचूकता. संख्या लहान झाली की तेवढ्याच जागेत, तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त क्रिया बसतात. त्यावर आणखी एक सवलत: तक्त्यातल्या संख्यांपैकी निम्मी शून्यं एका ठरावीक पद्धतीने मांडलेली असतील तर ए१०० ती गाळते आणि कागदावरचा वेग दुप्पट लिहिते. हे सगळं धरून एका ए१०० चा आकडा ६२४ टेराफ्लॉप्स. गुणिले ३३६ करा. बरोबर २१० पेटाफ्लॉप्सच्या जवळ.

आता तुम्हीच हे घरच्या कार्डावर लावून बघा. आरटीएक्स ३०६० चे १२.७४ टेराफ्लॉप्स. परम पद्मचा कागदावरचा वेग ०.९९ टेराफ्लॉप्स. म्हणजे वारज्यातल्या एखाद्या बेडरूममधलं कार्ड तेरा परम पद्मच्या बरोबरीचं? अशी वाक्यं रील्समध्ये भरपूर सापडतात. ऐकायला भारी वाटतं, पण तुलना चुकीची आहे. १२.७४ हा ३२ बिटांचा आकडा आहे आणि पद्मचा ६४ बिटांचा. या गेमिंग कार्डात ६४ बिटांचा वेग ३२ बिटांच्या एक-चौसष्टांश ठेवलेला असतो, कारण गेमला तो लागतच नाही. १२.७४ भागिले ६४, म्हणजे ०.२ टेराफ्लॉप्स. परम पद्मच्या पाचव्या हिश्शाला. १९९८ च्या परम १००००चा कागदावरचा वेग ०.१ होता, त्याच्या मात्र दुप्पट.

म्हणजे एका मापाने तुमचं कार्ड तेरा पद्म, दुसऱ्या मापाने पद्मचा पाचवा हिस्सा. कोणी टेराफ्लॉप्स सांगितले की पहिला प्रश्न विचारायचा, 'किती बिटांचे?'

खोडदला सूट नाही

पुण्याच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर, खोडदला, जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. गेल्या दशकात ती अद्ययावत केली, तेव्हा एकावेळी ऐकायचा पट्टा सुमारे ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढला. हे सगळं गणित पेलायला ग्राफिक्स प्रोसेसर बसवले.

काम काय? ३० तबकड्या, प्रत्येकीतून दोन सिग्नल, म्हणजे ६०. प्रत्येक सिग्नलचे सेकंदाला ८० कोटी नमुने. एकूण सेकंदाला ४८०० कोटी. मग प्रत्येक तबकडीचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येक तबकडीशी ताडून बघायचा. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीचे चार गुणाकार धरले आणि पूर्ण ४०० मेगाहर्ट्झ धरले, तर नुसत्या या ताडण्याला माझ्या हिशोबाने साडेपाच टेराफ्लॉप्स लागतात. त्याआधीचं लहरी वेगळ्या करायचं गणित वेगळंच.

आता इथली खरी अट ऐका. गेममध्ये कार्ड मागे पडलं तर चित्र अडखळतं, आपण चिडतो, संपलं. खोडदला कार्ड मागे पडलं तर आकाशातून आलेला तो सिग्नल गेला. अब्जावधी वर्षं प्रवास करून आलेली लहर परत येत नाही. सरासरी चांगली असून उपयोग नाही, प्रत्येक सेकंदाचं काम त्याच सेकंदात उरकलं पाहिजे. म्हणून तिथे मशीन निवडताना खोक्यावरचा आकडा पुरत नाही. तबकडीपासून चिपपर्यंतच्या वाटेत, नेटवर्कमध्ये, मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये, कार्डाच्या मेमरीत डेटा कुठे तुंबतो, हे सगळं मोजावं लागतं.

चांदणी चौकाचा नियम

हे तुंबणं म्हणजे या विषयाचा गाभा. बर्कलेच्या तीन संशोधकांनी २००९ मध्ये त्याचं एक सोपं चित्र मांडलं, रूफलाइन नावाचं. म्हणणं एवढंच की कार्डावर दोन छपरं असतात. एक गणिताच्या वेगाचं, एक मेमरीतून डेटा यायच्या वेगाचं. तुमचं काम ज्या छपराला आधी धडकेल तोच तुमचा वेग.

३०६० ची मेमरी सेकंदाला ३६० गिगाबाइट देते. समजा दोन लांबलचक याद्यांची बेरीज करायची आहे. एका बेरजेला दोन संख्या वाचायच्या, एक लिहायची, १२ बाइट. ३६० भागिले १२, म्हणजे ३० गिगाफ्लॉप्स. कार्डाची ताकद १२,७४० गिगाफ्लॉप्स, मिळाले ३०. पाव टक्कासुद्धा नाही! कोअर बिचारे रिकामे, डेटाची वाट बघत उभे.

चांदणी चौकातला जुना पूल आठवतोय? ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्यरात्री पाडला तो. तिथे अडकलेल्यांपैकी कोणाचीही गाडी हळू नव्हती. रस्ता अरुंद होता. पुढच्या ऑगस्टमध्ये नवे पूल खुले झाले तेव्हा लोकांची इंजिनं बदलली नव्हती, वाट रुंद झाली होती.

लिनपॅकमध्ये सत्तर-पंचाऐंशी टक्के मिळतात, कारण त्यात एकदा आणलेली संख्या पुन्हापुन्हा वापरता येते. हवामानाच्या मॉडेलचं तसं नसतं. तिथे प्रत्येक चौकोनाला शेजारच्या चौकोनांची माहिती सारखी आणावी लागते, आणि हाती येतात कागदाचे थोडेसेच टक्के. पाषाणच्या आयआयटीएममध्ये २०१८ ला प्रत्युष आला, ४ पेटाफ्लॉप्स. सप्टेंबर २०२४ मध्ये अर्क आला, ११.७७ पेटाफ्लॉप्स. त्याच दिवशी पुण्यासह तीन ठिकाणच्या परम रुद्रचंही लोकार्पण झालं. गंमत म्हणजे त्यासाठी ठरलेला पंतप्रधानांचा पुणे दौरा मुसळधार पावसामुळे रद्द झाला आणि सोहळा ऑनलाइन करावा लागला! हसा, पण लक्षात घ्या, जवळपास तिप्पट पेटाफ्लॉप्स म्हणजे तिप्पट अचूक अंदाज असं नसतं. ती ताकद नकाशावरचे चौकोन लहान करायला लागते, आणि चौकोनाची बाजू निम्मी केली की गणित कितीतरी पटींनी वाढतं.

मग तक्ता वाचायचा कसा?

या ३५ वर्षांतून आपल्या खिशाच्या कामाचं काय? मी पाच गोष्टी बघायला सांगेन.

एक. टेराफ्लॉप्सची तुलना एकाच पिढीत, एकाच कंपनीत करा. पिढी बदलली की मोजायची पद्धत बदलते, २०८० टीआय आणि ३०७० चं उदाहरण ऐकलंतच.

दोन. मेमरीचा वेग आणि आकार. ३०६० आणि ४०६० शेजारी ठेवा. ४०६० चे १५.१ टेराफ्लॉप्स, ३०६० चे १२.७. पण ४०६० ची मेमरी ८ जीबी, २७२ गिगाबाइट प्रतिसेकंद. ३०६० ची १२ जीबी, ३६०. गेममध्ये ४०६० पुढे जातं, कारण त्यात २४ एमबी कॅश आहे, ३०६० मध्ये फक्त ३. विजही ११५ वॉट, त्याची १७०. पण घरी एखादं भाषेचं मॉडेल चालवायचं असेल तर प्रत्येक शब्दाच्या तुकड्यासाठी अख्खं मॉडेल मेमरीतून वाचावं लागतं. ४ जीबीचं मॉडेल असेल तर ३०६० ची मर्यादा सेकंदाला ९० तुकडे, ४०६० ची ६८. आणि १० जीबीचं मॉडेल ४०६० च्या मेमरीत मावतच नाही. जुनं आणि 'हळू' कार्ड इथे जिंकतं.

तीन. किती बिटांचा आकडा, आणि शून्यं गाळायची सवलत धरली आहे का. 'एआय टॉप्स' असं लिहिलं असेल तर हे विचारायलाच हवं.

चार, आणि लॅपटॉप घेणाऱ्यांनी हे लिहून ठेवा. नाव सारखं म्हणजे कार्ड सारखं नाही. लॅपटॉपचं आरटीएक्स ४०६० कंपनीच्याच तक्त्यात ३५ ते ११५ वॉट आणि १.४७ ते २.३७ गिगाहर्ट्झ असं आहे. ३०७२ कोअरने गुणा. कमीत कमी ९, जास्तीत जास्त १४.६ टेराफ्लॉप्स. स्टिकर दोन्हीकडे एकच! दुकानात 'वॉट किती?' विचारा. उत्तर आलं नाही तर मॉडेल नंबर टाकून स्वतः शोधा. घरच्यांनी अ‍ॅडमिशनच्या खर्चातून, हप्त्यावर पैसे दिलेले असतात. त्या पैशांत ९ टेराफ्लॉप्स घरी आले की १४, हे बिलावर कुठेच लिहिलेलं नसतं.

पाच. उष्णता. ज्या फोनवर तुम्ही हे ऐकताय त्यातही ग्राफिक्स प्रोसेसर आहे. मे महिन्यात दुपारी गेम लावला की पहिली काही मिनिटं मस्त, मग फोन तापतो आणि खेळ रखडतो. घड्याळ खाली आलं की गुणाकारही खाली आला. म्हणून परीक्षण बघताना पहिल्या मिनिटाचा नाही, अर्ध्या तासानंतरचा आकडा बघा.

हे फक्त गेमिंगपुरतं नाही. येत्या काही वर्षांत 'अमुक इतके एआय पेटाफ्लॉप्स' अशा घोषणा तुम्ही सारख्या ऐकाल. २०२३ मध्ये सी-डॅकचं ऐरावत आलं तेव्हा २०० एआय पेटाफ्लॉप्सची बातमी होती. जूनच्या टॉप ५०० मध्ये मोजलेला आकडा ८.५, क्रमांक ७५. दोन्ही आकडे अभिमानाचेच आहेत. पण हा पैसा आपला आहे, म्हणून दुसरा रकाना मागायचा हक्कही आपला आहे.

पुढच्या वेळी कोणी एकच आकडा सांगून तुलना संपवली की भांडू नका. तीन प्रश्न विचारा. किती बिटांचा? कागदावरचा की मोजलेला? आणि मोजला असेल तर कोणत्या कामावर? तिन्हींची उत्तरं मिळाली की मग पैसे काढा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत चार्जिंगला लावलेल्या फोनवर गेम खेळू नका.